दोन पेडलांची गाडी

१

शुक्रवारी भर दुपारी गवीपूरमच्या चढावरून एक पोपटी रंगाची जुनी मोटार उलटी घरंगळत आली, यल्लव्वाची फुलांची टपरी चिरडली आणि मठाच्या भिंतीवर बूड आपटून थांबली. मोटारीत कोणीही नव्हतं.

यल्लव्वानं वेळेवर उडी मारली म्हणून वाचली. शेवंतीचे हार रस्ताभर पसरले आणि पाहता पाहता सगळी गल्ली जमा झाली. गाडी कोणाची हे विचारायची गरजच नव्हती. तसली जर्मन गाडी त्या वेळी, म्हणजे पंचाण्णव साली, अख्ख्या बंगळूरमध्ये एकच होती. चढाच्या माथ्यावर राहणाऱ्या कस्तुरीअक्का लाडांची.

"हँडब्रेक विसरली असणार," एक म्हणाला. "वय झालं की हो," दुसरा म्हणाला. बाई गाडी चालवते म्हटल्यावर निकाल द्यायला लोकांना साक्षीपुरावा लागत नाही.

अक्का कुबडी टेकत खाली आल्या. त्या एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगत होत्या. "मी गाडी शेडमध्ये लावली होती. जेवून झोपले होते. बाहेर काढली ती मी नव्हे."

कोणी ऐकलं नाही. धाकटा भाऊ मालोजी तर सर्वांसमक्ष कडाडला, "पुरे झालं अक्का! उद्या माणूस मारशील. ही गाडी मी विकणार." रविवारी जुन्या गाड्यांची देवनहळ्ळीपर्यंत रॅली होती, त्यात अक्कांचं नाव होतं. रॅलीचे चिटणीस मधुकर देवस्थळी धावत आले होते, सर्वांच्या आधी. त्यांनी यल्लव्वाला पाणी पाजलं, अक्कांना बसायला खुर्ची मागवली आणि मग हळूच म्हणाले, "ताई, मला फार वाईट वाटतंय. पण सुरक्षेचा नियम आहे. नाव काढावं लागेल." दारावर चिकटवलेला अक्कांचा सात नंबर त्यांनी स्वतःच्या हातानं सोलून काढला.

अक्कांच्या डाव्या पायाला लहानपणी पोलिओ झालेला. क्लच दाबणं त्यांना कधीच जमणार नव्हतं. या गाडीला क्लचचं पेडलच नाही, म्हणून त्यांच्या वडिलांनी ती मायदेशी परतणाऱ्या एका जर्मन इंजिनिअरकडून घेतली होती. ती गाडी गेली की अक्का आयुष्यभरासाठी मागच्या सीटवर. इतकी साधी गोष्ट होती, आणि त्या गर्दीत ती कोणाच्या डोक्यात शिरत नव्हती. मला भयंकर राग आला होता.

माझे सासरे आप्पाजी मात्र गर्दीकडे पाठ करून, गाडीच्या खिडकीत डोकं घालून उभे होते. आप्पाजी म्हणजे निवृत्त मोटार वाहन निरीक्षक. लायसनच्या परीक्षेत अर्ध्या बंगळूरला नापास केलेला माणूस. लग्नकार्यात लोक अजून त्यांच्या पंगतीला बसायला घाबरतात.

"सुचेता, इकडं ये. दांडा बघ," ते म्हणाले.

मी पाहिलं. गिअरचा दांडा पहिल्यात होता. हँडब्रेक खाली.

"मग? लोक तेच तर म्हणतायत. गिअर टाकला आणि हँडब्रेक विसरल्या."

आप्पाजींनी मिशीवरून बोट फिरवलं. "हे अक्कांचं काम नव्हे. दुसऱ्या कोणीतरी गाडी चालवलीय. आणि तो माणूस काही विसरलेला नाही."

२

अक्कांच्या व्हरांड्यात आम्ही बसलो. कॉफी आली. मी पुण्याची, चहावाली. पण या शहरात लग्न करून आल्यावर कॉफीला नाही म्हणायची सोय नसते.

"ही गाडी कशी चालते ते या पुणेकरणीला सांग," आप्पाजी म्हणाले. "तिला वाटतं, संगणक चालवता आला की सगळं आलं."

अक्कांचा चेहरा पहिल्यांदा जरा उजळला. "तू लुना चालवलीस की नाही?"

"कॉलेजात. रोज."

"मग तुला अर्धं येतं. लुना चालू असते, पण चाक फिरत नाही. रेस दिली की पकडते. तसंच हिचं. इंजिन जोरात फिरलं की आतली वजनं बाहेर फेकली जातात आणि क्लच आपोआप धरतो. रेस सोडली की क्लच सुटला. इंजिन बंद, तर क्लच पूर्ण सुटलेला."

"आणि गिअर बदलताना?"

"दांड्याच्या मुठीत स्विच आहे. हात टेकला की क्लच सुटतो. गिअर बदलायचा आणि हात लगेच काढायचा. पाय माझा लुळा आहे ग, हात नव्हे." असं म्हणून त्या हसल्या आणि लगेच डोळे पुसले.

आप्पाजींनी विचारलं, "किल्ली कुठं असते?"

अक्कांनी दाराजवळच्या खिळ्याकडे बोट दाखवलं. किल्ली तिथे नव्हती. ती गाडीतच सापडली होती. व्हरांड्याला दार नाही. त्या दुपारी कोण कोण आलं होतं, तेही साधं होतं. मालोजी मागच्या घरात राहतो, त्याची ये-जा दिवसभर. मेकॅनिक यल्लाप्पा सकाळीच प्लग साफ करून गेला होता, पण पाना विसरला म्हणून परत येणार होता. आणि मधुकरराव रॅलीचा नंबर चिकटवायला यायचे होते. अक्का झोपेत असताना ते येऊन गेले असावेत, कारण त्या उठून खाली आल्या तेव्हा नंबर गाडीच्या दारावर होता.

"बाकी कोण येणार? मांजर," अक्का म्हणाल्या.

परतताना आम्ही यल्लव्वापाशी थांबलो. ती मोडक्या टपरीच्या फळ्या गोळा करत होती.

"आधी काही ऐकलंस का ग?" आप्पाजींनी विचारलं.

"ऐकलं की, अण्णा! गाडी रडत होती. अक्कांची गाडी रोज कशी गप जाते? आज नुसतं भोंऽऽ भोंऽऽ, आणि जाग्यावरच. मग कचकन ब्रेक. मग परत भोंऽऽ. मी म्हटलं, अक्कांना बरं नाही का काय."

"बघितलं नाहीस?"

"माझी पाठ तिकडं. गिऱ्हाईक मठाच्या बाजूनं येतं, चढाकडं बघून मला काय मिळणार? नंतर गप झालं सगळं. बऱ्याच वेळानं सहज मागं वळले, तर वर अक्कांच्या फाटकाशी ती तांबडी गाय गाडीला अंग घासत होती. आणि अय्यो, गाडी निघालीच की!"

"गायीनं ढकलली?" मी म्हटलं. "पहिल्या गिअरमध्ये असलेली गाडी? गायीनं?"

आप्पाजी इतक्या मोठ्यानं हसले की यल्लव्वाच्या हातातली फळी पडली. "सरी, ठरलं! उद्या आपण फिरायला जायचं, सुचेता. लोकांच्या गाडीतून."

३

शनिवारी आप्पाजींनी आपली स्कूटर बिघडल्याचं जाहीर केलं आणि तिन्ही संशयितांकडे लिफ्ट मागितली. तिन्ही वेळा मला पुढे बसू दिलं नाही. पुढे स्वतः, मागे मी.

आधी मालोजी. अँबेसेडर जुनी, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. मालोजी दोन्ही हातांनी चाक असं घट्ट धरून बसला होता की कोणी ते पळवून नेईल. बाजारापर्यंत त्यानं अक्कांबद्दल एकदाही गोड शब्द काढला नाही. "गाडी गेली की मला झोप लागेल," तो म्हणाला. "रोज ती बाहेर पडते आणि मी फाटकात उभा. फोन वाजला की छातीत धस्स होतं." बाजार आला. रस्ता पाटासारखा सपाट, तरी त्यानं गाडी न्यूट्रलला आणली आणि हँडब्रेक कर्रकन शेवटच्या दातापर्यंत ओढला.

उतरल्यावर मी म्हटलं, "हाच! गाडी विकायला निमित्त हवं होतं याला."

"निमित्त प्रत्येकाला असतं," आप्पाजी म्हणाले. "स्वल्प थांब."

मग यल्लाप्पा. त्याची जीप म्हणजे चालतं भंगार. गवीपूरमच्या चढावर तो थांबला, हँडब्रेक ओढला, तरी खाली उतरून मागच्या चाकाला लाकडी ठोकळा लावला.

"जीपला कशाला?" आप्पाजींनी विचारलं.

"सवय, अण्णा. अक्कांची गाडी गिअरवर उभी राहत नाही ना. तिला लावून लावून हात तसाच वळलाय. परवा तर बायकोच्या शिलाई मशीनला लावला." मग तो गंभीर झाला. "अक्का ठोकळा विसरल्या असं म्हणतात. मला पटत नाही. ठोकळा शेडमध्ये होता, जागच्या जागी. अक्का तो गाडीत घेतल्याशिवाय बाहेरच पडत नाहीत. मी बघितलाय."

शेवटी मधुकरराव. त्यांची मारुती लख्ख, आत अत्तराचा वास. ते मूळचे पुण्याचे, आमच्याच सदाशिव पेठेतले, त्यामुळे शुद्ध मराठी ऐकून माझा जीव सुखावला. तरुणपणी त्यांनी मोठमोठ्या रॅली मारल्या होत्या आणि त्या चालवण्यात दिसत होत्या. उजवा हात चाकावर, डावा गिअरच्या मुठीवर निवांत विसावलेला, बोटं गाण्याच्या ठेक्यावर हलतायत. कोरमंगलापर्यंत त्यांनी अक्कांचीच काळजी केली.

"फार जिद्दीच्या बाई. पण यंत्रावर माणसाची हुकमत हवी, आप्पाजी. गाडीच क्लच धरणार आणि गाडीच सोडणार, तर ड्रायव्हर कशाला? नुसती मोपेड आहे ती."

येताना त्यांनी आम्हाला आमच्या घराच्या चढावर सोडलं. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून बंद केली आणि शिष्टाचार म्हणून माझं दार उघडायला उतरले.

"हँडब्रेक?" आप्पाजींनी विचारलं. जुनी खोड.

मधुकरराव हसले. "आता तरी नापास करू नका. रॅलीवाला तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक कधीच ओढत नाही. ड्रम वाकतात. गिअर टाकायचा, की गाडी पहाडासारखी उभी. नव्या मुलांना माझा पहिला धडा हाच."

ते गेल्यावर मी म्हटलं, "किती सज्जन माणूस! तुम्ही त्यांना मालोजीबद्दल सांगायला हवं होतं."

"तिघांची परीक्षा झाली," आप्पाजी फाटक उघडत म्हणाले. "दोन पास. उद्या सकाळी यल्लव्वाला लालबागेजवळ घेऊन यायचं काम तुझं. आणि अक्कांना सांग, गाडी घेऊन या."

४

रविवारी लालबागेच्या दाराशी जुन्या गाड्यांची रांग लागली होती. झेंडूच्या माळा, बँड, चकाकणारे बंपर. त्यात अक्कांची पोपटी गाडी आली. यल्लाप्पानं मागचा पत्रा ठोकून सरळ केला होता, रंग मात्र उडालेला. लोक कुजबुजले. मालोजी मागोमाग अँबेसेडरमधून आला आणि दात ओठ खात उभा राहिला.

"ताई, असं करू नका," मधुकरराव हात जोडून म्हणाले. "नाव निघालंय."

"नाव राहू द्या," आप्पाजी पुढे झाले. त्यांचा आवाज असा लागला की बँडवाल्यांनी पिपाण्या खाली घेतल्या. "माझं म्हणणं एवढंच की, दोष बाईचा की गाडीचा हे एकदा तपासू. तुमच्याएवढा ड्रायव्हर इथं दुसरा नाही. एक चक्कर मारून निकाल द्या. तुम्ही म्हणाल ते अक्का मान्य करतील."

अक्कांनी मान हलवली. एवढ्या लोकांत मधुकररावांना नाही म्हणता येईना. ते चाकामागे बसले. आप्पाजी शेजारी, मांडीवर एक रिकामी वही, खास परीक्षकाच्या थाटात.

गाडी सुरू झाली. पहिला गिअर पडला, गाडी सुळकन निघाली. मधुकररावांनी खिडकीतून आमच्याकडे पाहून हात हलवला. दुसरा गिअर पडला. आणि मग त्यांचा डावा हात आपल्या जुन्या जागी, मुठीवर, निवांत विसावला.

भोंऽऽऽ!

इंजिन किंचाळलं, गाडी मरगळली. त्यांनी गडबडून आणखी रेस दिली. भोंऽऽऽ! डावा पाय नसलेला क्लच शोधत रुंद ब्रेकवर आदळला, गाडी कचकन थांबली, दोघांची डोकी पुढे गेली. परत निघाली. परत हात मुठीवर. परत भोंऽऽऽ!

माझ्या शेजारून यल्लव्वा पुढे धावली. "हेच! हेच रडणं, अण्णा! शुक्रवारी गाडी अशीच रडत होती!"

गाडी कशीबशी रांगेच्या टोकाला, चढावर येऊन थांबली. मधुकरराव घामानं निथळत होते. "गाडीतच दोष आहे," ते म्हणाले. "हुकूमच ऐकत नाही."

नाचता येईना, अंगण वाकडं! मी हे मोठ्यानं म्हणाले, आणि मला त्याचा अजिबात पश्चात्ताप नाही.

"असू दे," आप्पाजी शांतपणे म्हणाले. "आता उभी करा. तुमच्या पद्धतीनं."

मधुकररावांनी पहिला गिअर टाकला, किल्ली फिरवली, ब्रेकवरून पाय काढला. गाडी मागे सरकू लागली. यल्लाप्पानं ठोकळा फेकला नसता तर मागच्या गाडीचा दिवा गेला असता.

"पण गिअरमध्ये आहे की ही!" मधुकरराव ओरडले. "तेव्हाही मी गिअरमध्येच..."

पुढचे शब्द त्यांनी गिळले, पण उशीर झाला होता.

"होय," आप्पाजी म्हणाले. "शुक्रवारीही पहिल्यात होती. सगळे म्हणाले, बाई विसरली. पण हँडब्रेक विसरणारा गिअर कशाला टाकेल? ज्यानं गिअर टाकला त्याला वाटलं, एवढ्यानं गाडी उभी राहते. अक्कांना आणि यल्लाप्पाला ठाऊक आहे की इंजिन बंद झालं की हिचा क्लच सुटतो, गिअरचा काही उपयोग नाही. मालोजी सपाटीवरसुद्धा हँडब्रेक ओढतो, आणि त्याचा दांडा स्टिअरिंगखाली, त्याला मुठीवर हात ठेवायची सवयच नाही. राहिला एकच. मुठीवर हात टेकून गाडी रडवणारा, आणि हँडब्रेक मुद्दाम न ओढणारा. फाटकाशी चढ जरा कमी आहे, म्हणून गाडी तिथं तरली. मग गाय आली, तिनं पाठ घासली, झालं."

मधुकरराव गाडीतून उतरले. माणूस अगदी वाईट नव्हता, हे मला कबूल करावं लागेल. त्यांनी खोटं पुढे ओढलं नाही. "नंबर लावायला गेलो," ते खालच्या आवाजात म्हणाले. "किल्ली दिसली. वाटलं, एक फेरी मारू. मी, आणि मला ही गाडी ऐकेना! शेडमध्ये रिव्हर्स घेता येईना, म्हणून फाटकाशी सोडली आणि किल्ली काढायचंही भान राहिलं नाही. पुढच्या गल्लीत पोचलो तेवढ्यात आवाज आला. तिथल्या तिथे बोलायला हवं होतं. पण सुरक्षेचे नियम लिहिणारा मी, माझ्याच हातून गाडी घसरली असं कसं सांगू? ताई, तोंड उघडलं नाही माझं."

"माझं नाव काढताना उघडलं होतं," अक्का म्हणाल्या.

त्या कुबडी टेकत मधुकररावांसमोर येऊन उभ्या राहिल्या. वाटलं, आता भडका उडणार. पण त्यांचा आवाज स्वच्छ होता. "यल्लव्वाची टपरी नवी करून द्यायची. चांगली, पत्र्याची. आणि माझा नंबर परत चिकटवा. तुमच्याच हातानं."

मधुकररावांनी गुडघ्यावर बसून सात नंबर चिकटवला. पहिली टाळी मालोजीनं वाजवली. मग सगळा रस्ता वाजू लागला आणि बँडवाल्यांनी कोणी न सांगता सूर धरला.

५

अक्का चाकामागे बसल्या. शेजारी आप्पाजी, मागे मी आणि मालोजी. मालोजीला अक्कांनीच हुकूम सोडला होता, "बस मागं. फाटकात उभं राहून घाबरतोस, आज जवळून घाबर."

गाडी निघाली, आणि मला तेव्हा कळलं की यल्लव्वा 'गप जाते' म्हणाली ते काय. ना धक्का, ना आवाज. अक्कांचा डावा हात दांड्याला टिचकी मारल्यासारखा लागायचा आणि परत चाकावर यायचा. हेब्बाळचं तळं मागे पडलं, मग द्राक्षांचे मळे सुरू झाले. रस्त्यात एक ऐटबाज विलायती गाडी वाफा सोडत उभी होती. दुसरीचा मालक क्लचवर पाय ठेवून ठेवून लंगडत उतरला होता. अक्कांनी दोघांनाही हॉर्न वाजवून नमस्कार केला.

"मालू, भीती वाटते का रे?" त्यांनी आरशातून विचारलं.

मालोजी म्हणाला, "अक्का, तू इतकी चांगली चालवतेस, मला माहीतच नव्हतं. मी कधी बसलोच नाही ना तुझ्याबरोबर." आणि हा गाडी विकायला निघालेला माणूस चक्क रडू लागला. मी त्याच्यावर घेतलेला संशय मनातल्या मनात परत घेतला आणि त्याला रुमाल दिला.

देवनहळ्ळीचा किल्ला दिसू लागला. वेशीपाशी कमान, कमानीखाली झेंडा घेतलेला स्वयंसेवक, दोन्ही बाजूंना माणसं. आमच्या पुढे एकही गाडी नव्हती. सात नंबर पाहून लोकांनी आरोळी ठोकली. झेंडा खाली आला. पहिले आलो होतो आम्ही! आप्पाजींनी वही बंद केली आणि दाराच्या कडीला हात घातला.

गाडी थांबली नाही.

"अग अक्का, संपलं इथं! कप इथं मिळतो!" आप्पाजी ओरडले. झेंडेवाला दोन पावलं मागे धावला आणि मग नुसताच हसत उभा राहिला.

"कप मालू नंतर आणेल," अक्का म्हणाल्या. समोर नंदीचा डोंगर निळा, अख्खा उभा होता. "इतकी वर्षं मी फक्त बाजारात आणि दवाखान्यात जाते, आप्पाजी. जिथं दुसरं कोणी न्यायला नसायचं तिथं. आज मला डोंगर चढायचाय."

त्यांनी गिअर खाली घेतला, हात काढला, आणि रेस दिली. क्लचनं धरलं आणि गाडी घाटाला लागली.